पंधराव्या वचनापासून पुढे

नाताळच्या नाटुकल्याची तालीम रंगात आली होती. मरीया आणि योसेफ गव्हाणीपाशी बसले होते, देवदूतांचं गाणं म्हणून झालं होतं आणि मेंढपाळ झालेली तीन मुलं धावत येऊन गुडघे टेकून स्थिरावली होती. त्यातल्या सगळ्यात लहानग्यानं हातातली काठी सावरत विचारलं, “ताई, आता आम्ही कुठे जायचं?” नाटुकलं बसवणाऱ्या ताई पडद्याच्या अडकलेल्या दोरीशी झटत होत्या. त्या म्हणाल्या, “कुठेच नाही. पडदा पडेपर्यंत असंच बसून राहायचं, हलायचं नाही.” मुलगा हलला नाही. तालीम पुढे सरकली, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आले, त्यांनी भेटी ठेवल्या, पडदा पडला. त्या मुलाचा प्रश्न मात्र काही केल्या मनातून जाईना. नाताळच्या सगळ्या गडबडीत इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

ताईंना बोल लावायचं कारण नाही. गव्हाणीचा देखावा जिथे जिथे मांडतात तिथे मेंढपाळ असाच असतो, गुडघ्यावर. मातीच्या किंवा लाकडाच्या मूर्तीत तर त्याला उठायची सोयच नसते. सण संपला की तो जुन्या कागदात गुंडाळला जातो, अंगाला चिकटलेल्या गवताच्या काडीसकट, आणि अकरा महिने खोक्यात पडून राहतो. लूकच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रातला, मेंढपाळ इतका वेळ एका जागी थांबतच नाही. दुसऱ्या अध्यायात तो आठव्या वचनाला येतो आणि विसाव्याला निघून जातो. एवढ्या तेरा वचनांत तो ऐकतो, घाबरतो, सोबत्यांशी बोलतो, घाईनं चालू लागतो, शोधतो, पाहतो, लोकांना सांगतो आणि देवाचा गौरव करत आपल्या कळपाकडे परततो. तो गव्हाणीपुढे गुडघे टेकून बसला, असं लूक कुठेच म्हणत नाही. पाया पडून नमन केल्याचा उल्लेख मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे आणि तो मागी लोकांविषयी आहे. मेंढपाळांनी नमन केलं असेलच, त्याशिवाय का ते गौरव करत परतले. पण लूकला त्यांच्याबद्दल लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यांचं चालणं आणि त्यांचं सांगणं.

आणि नेमकं तेच आपल्या कानांवर कमी पडतं. कॅथलिक मंडळीत नाताळच्या रात्रीच्या मिस्साला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली १ ते १४ वचनं वाचतात. देवदूतांच्या सैन्यानं ‘परम उंचामध्ये देवाला गौरव’ म्हटलं की वाचन संपतं. १५ ते २० ही वचनं पहाटेच्या मिस्साला असतात, आणि दिवसाच्या मिस्साला योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात. रात्रीची उपासना आटोपून घरी गेलेली माणसं पहाटेच्या मिस्साला फारशी नसतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत जो सामायिक वाचनक्रम वापरतात, त्यात रात्रीच्या वाचनापुढे १५ ते २० ही वचनं कंसात दिलेली आहेत. म्हणजे वाचली तरी चालतील, सोडली तरी चालतील. कार्यक्रम लांबला, लेकरं पेंगुळली, की कंसातलं आधी जातं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशी नऊ वाचनांची आणि गीतांची उपासना होते. युद्धात सैनिकांचा पाळक म्हणून काम केलेल्या एरिक मिलनर-व्हाइट यांनी महायुद्ध संपल्या संपल्या ती तिथे सुरू केली. त्या उपासनेच्या सुरुवातीच्या प्रार्थनेत गरीब, भुकेले, आजारी, शोकाकुल, एकाकी आणि वयोवृद्ध यांची आठवण आहे, पैलतीरी गेलेल्यांचीही आहे. युद्धातून होरपळून आलेल्या माणसालाच अशी प्रार्थना सुचते. तरीही तिच्यातलं मेंढपाळांचं पारंपरिक वाचन ८ ते १६ असं आहे. ते गव्हाणीपर्यंत पोचतात, बाळ पाहतात आणि वाचन थांबतं.

सतरावं वचन, ज्यात ते लोकांना सांगतात, तिथेही राहून जातं.

यामागे कुणाचा काही डाव नाही. उपासनेला वेळेची मर्यादा असते, आणि चौदाव्या वचनाशी थांबावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आकाश उजळलंय, गाणं टिपेला पोचलंय, त्यानंतर धुळीच्या वाटेनं निघालेली चार माणसं कुणाला हवीत? पण जगात सुवार्ता गेली ती त्या वाटेनं. देवदूत तर पंधराव्या वचनाच्या सुरुवातीलाच स्वर्गात परत गेले. गावात जाऊन सांगायला त्यांच्यातला एकही मागे थांबला नाही. पुढचं काम माणसांवर टाकून ते गेले, आणि ज्यांच्यावर टाकलं त्यांच्या कळपाचं त्या रात्री काय झालं हेही लूक सांगत नाही. मेंढरं बरोबर नेली की एकाला राखणीला ठेवून बाकीचे गेले, कुणास ठाऊक. ‘चला, बेथलेहेमात जाऊ या आणि पाहू या’ हे त्यांनी एकमेकांना म्हटलं, एवढंच आहे. विश्वास म्हणजे काय याची मोठमोठी विवेचनं करता येतात. त्या रात्री तो इतकाच होता. सांगितलेलं खरं मानून, उजाडायची वाट न बघता, हातातलं काम बाजूला ठेवून निघणं.

गव्हाणीचा जिवंत देखावा पहिल्यांदा मांडला तो असिसीच्या फ्रान्सिसनं, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी, अशी परंपरा आहे. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस त्या रात्रीचं वर्णन करतो. गवतानं भरलेली गव्हाण आणली होती, बैल आणि गाढव आणलं होतं, आसपासच्या माणसांनी मेणबत्त्या आणि मशाली आणल्या होत्या. गव्हाणीवरच मिस्सा झाला आणि डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावर, असलेल्या फ्रान्सिसनं शुभवर्तमान गाऊन प्रवचन केलं. बाळाला जन्मताच किती हालांत, किती अडचणीत राहावं लागलं ते प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचंय, म्हणून हा सगळा खटाटोप. मला त्या वर्णनात एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे मेंढपाळाचं सोंग घेतलेला कुणीच नाही. मशाली घेऊन अंधारातून डोंगर चढून आलेली माणसं, तीच मेंढपाळांच्या जागी होती. पाहून झाल्यावर ती आनंदानं आपापल्या घरी गेली, असं थॉमस लिहितो. देखावा त्यांच्यासाठी होता आणि ते त्यातून चालत बाहेरही पडले.

म्हणून नाटुकलं बसवणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. मेंढपाळांना पडदा पडेपर्यंत बसवून ठेवू नका. मागी लोक यायच्या आधी त्यांना उठवा आणि विंगेत न पाठवता मंचावरून खाली उतरवून बसलेल्या लोकांमधून चालत जाऊ द्या. प्रत्येकाला एकच वाक्य द्या, तेही रांगेच्या कडेला बसलेल्या माणसाकडे बघून म्हणायचं: ‘आम्ही बाळ पाहिलं, गव्हाणीत ठेवलंय, आम्हाला सांगितलं होतं अगदी तसंच.’ यात बिघडतं ते एवढंच की मुलं लाजून पळत सुटतात आणि वाक्य तोंडातल्या तोंडात राहतं. त्यासाठी तालीम मंचावर न घेता खुर्च्यांमधल्या वाटेवर घ्यायची, दर चार रांगांवर थांबायची जागा ठरवायची आणि तिथे ओळखीचं मोठं माणूस बसवायचं. ओळखीचा चेहरा दिसला की लेकरू बोलतं. मंचावरून उतरताना पायघोळ अंगरखा पायात येतो, तोही घोट्याच्या वरच शिवून घ्यावा.

वाचनाचंही तसंच. पहिली वीसही वचनं सलग, सावकाश, मोठ्यानं वाचायला फार तर चार मिनिटं लागतात. कार्यक्रमातून चार मिनिटं काढणं कुठल्याच मंडळीला अवघड नाही. सूचनांचीच काटछाट केली तरी तेवढा वेळ निघतो. वाचणाऱ्याला आदल्या दिवशी उतारा द्यावा, ऐनवेळी हातात पुस्तक देऊ नये. सुरुवातीला औगुस्त कैसर आणि क्विरीनिय ही नावं येतात. तिथे अडखळलेला वाचक घाबरून पुढचं भरभर उरकतो, आणि त्या भरात सातवं वचन निघून जातं, ज्यात खुद्द जन्म आहे. चौदा आणि पंधराच्या मध्ये दोन श्वासांएवढं थांबावं, कारण तिथे आकाश रिकामं होतं. पंधरावं वचन म्हणजे माणसांनी माणसांशी केलेलं बोलणं, ते प्रवचनाच्या सुरात वाचू नये, घरातल्या आवाजात वाचावं. आणि सतराव्याला आवाज हमखास पडतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं की महत्त्वाचं होऊन गेलं. तिथे आवाज जपायचा. ते एक वचन शेवटच्या रांगेतल्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे.

त्यांनी सांगितलं तरी काय? बाळाविषयी त्यांना जे कळवण्यात आलं होतं ते. देवदूताचा निरोप १० ते १२ या तीन वचनांत मावतो: भिऊ नका, ही मोठ्या आनंदाची सुवार्ता सगळ्या लोकांसाठी आहे, दावीदाच्या गावात आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे, तो ख्रिस्त प्रभू आहे, आणि खूण अशी की बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं बालक तुम्हाला सापडेल. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पण यातला कुठलाही तुकडा गाळला की निरोप बिघडतो. ‘तारणारा’ गाळला की उरतात हिवाळ्यातल्या गोड शुभेच्छा, ज्या कुणीही कुणालाही द्याव्यात. ‘गव्हाणी’ गाळली की उरतो राजवाड्यात शोभेल असा देव, ज्याच्यापुढे गरिबाला पुढे यायचा संकोच वाटावा. ‘सगळ्या लोकांसाठी’ गाळलं की तो आपल्याच मंडळीचा घरगुती सण होतो. आणि ‘भिऊ नका’ हे तर सगळ्यात आधी गळतं, कारण सणाच्या दिवशी कुणी घाबरलेलं असेल हे आपल्या ध्यानातच येत नाही.

घाबरलेली माणसं असतात. कॅरोल, म्हणजे नाताळची गीतं, घेऊन घरोघर जाणाऱ्यांना ती दिसतात, फक्त त्यांच्या दारापर्यंत पोचलं पाहिजे. कॅरोलची फेरी हे सुवार्ता पायांनी नेण्याचं सगळ्यात साधं रूप आहे आणि ती बिघडते बहुतेक वेळा यादीपाशीच. यादी गेल्या वर्षीची उतरवून काढलेली असते. त्यात जागा बदलून गेलेली कुटुंबं असतात, नव्यानं आलेली नसतात, आणि ज्यांचे मंडळीत कुणी नातेवाईक नाहीत ती तर कधीच नसतात. म्हणून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी यादी कोऱ्या कागदावर नव्यानं करावी, आणि सुरुवात वर्षभरात आजारी पडलेल्यांपासून, घरातलं माणूस गेलेल्यांपासून, एकट्या राहणाऱ्यांपासून करावी. चार रविवार हाताशी असतात, तेवढ्यात चौकशी पुरी होते. मग गणित मांडावं. एका घरी पंधरा मिनिटं धरली, दोन घरांमध्ये चालायला दहा, तर तीन तासांत सात घरं होतात. कागदावर मात्र पंधरा लिहिलेली असतात. मग पहिल्या घरी अर्धा तास मोडतो, कारण तिथे ओळख आहे, आग्रह आहे, गप्पा आहेत, आणि शेवटच्या पाच घरी दारातूनच एक कडवं म्हणून पाय काढला जातो. शेवटची घरं कुठली असतात? लांबची, अंधाऱ्या वाटेवरची, जिन्याची. ज्यांनी संध्याकाळपासून दार उघडं ठेवलंय ती. फेरी उलटी करा. लांबच्या घरापासून सुरू करा आणि जवळच्या ओळखीच्यांकडे शेवटी या. उशीर झाला तर ओळखीचे समजून घेतात. देणगीची पेटी मात्र घरीच ठेवावी. पेटी बरोबर असली की वाट आपोआप देणाऱ्यांच्या दारांकडे वळते, आणि न देऊ शकणारा माणूस दिवा बंद करून आत बसतो. वर्गणी गोळा करायला वर्षात इतर दिवस आहेत.

एका घरी दोन गीतं, आठव्या वचनापासून विसाव्यापर्यंत वाचन आणि छोटी प्रार्थना पुरते. आठ-दहा माणसं बस झाली. त्यातल्या एकाकडे फक्त वाचन, एकाकडे घड्याळ आणि एकाचं काम घरातल्या माणसाशी बोलणं, गाणं नव्हे. हे तिसरं काम बहुतेक गटांत कुणाकडेच नसतं. सगळे वहीत डोकं घालून गातात आणि समोर बसलेल्या म्हातारीच्या ओठांवर तेच गीत आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्रार्थनेआधी घरातल्यांची नावं विचारून घ्यावीत, त्यांना काय मागायचं आहे ते विचारावं, आणि तेच मागावं.

आजाऱ्याकडे जायचं तर आधी फोन करावा, आणि तो त्याची काळजी घेणाऱ्या माणसाला करावा. आजारी माणूस भिडेखातर ‘या’ म्हणतो, पण दुपारनंतर ताप चढतो की वेदना वाढतात हे शेजारी बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. आत दोघा-तिघांनी जावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. ज्याला खोकला-सर्दी आहे त्यानं त्या दिवशी फेरीलाच येऊ नये. अत्तर नको, गिटार नको, मोबाइलचे फोटो तर नकोतच. उभं राहून वरून बोलू नये, खुर्ची घेऊन डोळ्यांच्या पातळीवर बसावं. गीत त्याला निवडू द्यावं आणि बोलण्याच्या आवाजाइतकंच मोठं गावं. दहा मिनिटांत उठावं. आणि ‘तुम्ही नक्की बरे होणार’ असं देवाच्या वतीनं वचन देऊन येऊ नये. तसं वचन मेंढपाळांनी कुणाला दिलेलं नाही. तारणारा आलेला आहे आणि तो तुमच्यासाठी आहे, एवढं सांगायला ते आले होते. मरणाच्या दारात असलेल्या माणसालासुद्धा ते खरेपणानं सांगता येतं.

ज्या घरातून वर्षभरात माणूस गेलंय तिथला पहिला नाताळ सगळ्यात अवघड. अशा घरी फेरी जात नाही. ‘त्यांना कशाला त्रास’ असं आपण म्हणतो, पण खरं तर आपल्यालाच काय बोलावं ते सुचत नसतं. त्या घरी संध्याकाळभर बाहेरची गाणी ऐकू येत राहतात आणि ती आपल्या दारावरून पुढे गेल्याचंही कळतं. तिथे जावं. आनंदाची धावती गीतं नकोत, एखादं संथ पुरे, किंवा तेही नको. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, मोठ्यानं, संकोच न करता. त्या दिवसांत सगळे जण ते नाव टाळत असतात आणि घरच्यांना ते ऐकायची आस असते. मरणाचं कारण समजावू नये, देवाची योजना उलगडून सांगू नये. जन्माच्या गोष्टीतच रडणं आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातली बालकं मारवतो तेव्हा राहेल आपल्या लेकरांसाठी आकांत करते आणि समजूत पटवून घेत नाही, आणि मंडळीच्या पंचांगात २८ डिसेंबर हा त्या मारल्या गेलेल्या निष्पाप बालकांचा दिवस आहे. ज्या नाताळात त्या आईला जागा आहे, तो नाताळ शोकाच्या घरी न्यायला कचरायचं कारण नाही.

देण्याविषयी याकोबानं बायबलातल्या आपल्या पत्रात इतकं रोखठोक लिहिलंय की त्यापुढे फार बोलायला नको. भाऊ किंवा बहीण उघडी-भुकेली असताना ‘सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणायचं आणि हाताला काही द्यायचं नाही, याचा उपयोग काय, असं तो विचारतो. काय हवं ते ज्याचं त्याला विचारावं. कुणाला औषधांचे पैसे हवे असतात आणि आपण चौथी चादर नेऊन देतो. दिलेलं झाकून द्यावं. आणि मदत व सुवार्ता यांच्यामध्ये अट घालू नये, कसलीच नाही. उपासनेला आलात तर धान्य, ऐकून घेतलंत तर कपडे, असा व्यवहार जिथे झाला तिथे सुवार्तेवरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांसाठी उडाला. कृपा फुकट असते, ही ख्रिस्ती श्रद्धेची पहिलीच गोष्ट आहे. तिला किंमत लावून ती पोचवणार कशी?

दुसऱ्या श्रद्धेच्या, किंवा कसलीच श्रद्धा नसलेल्या माणसाशी बोलायची वेळ येते तेव्हा पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायाचं पंधरावं वचन हाताशी असावं. तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या. ‘विचारणाऱ्याला’ हे त्यात आहे आणि ‘तयार’ हेही आहे. काही जण न विचारता तासभर बोलतात. काही जण विचारल्यावरही ‘आमचा सण असतो, एवढंच’ म्हणून विषय बदलतात, आणि समोरचा खरोखर ऐकायला आलेला माणूस रिकाम्या हातानं जातो. मला दोन्ही गोष्टींचं सारखंच वाईट वाटतं. जेवढा प्रश्न तेवढं उत्तर असावं. मेंढपाळांचा क्रम चांगला आहे: काय ऐकलं, जाऊन काय पाहिलं, ते कसं जुळलं. त्यांना शास्त्र येत नव्हतं, म्हणून ते शास्त्र सांगायला गेले नाहीत. समोरच्याच्या देवाविषयी, त्याच्या घरच्या पूजेविषयी एक अक्षरही न बोलता आपली आशा सांगता येते. ‘हे मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हेही आदराचंच उत्तर.

शास्त्र येणाऱ्यांची गोष्ट मत्तयात आहे, आणि ती वाचताना पोटात कालवतं. मागी लोक यरुशलेमेत चौकशी करत येतात तेव्हा हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावून विचारतो, ख्रिस्त कुठे जन्मायचा आहे? ते एका क्षणात सांगतात, यहूदीयातल्या बेथलेहेमात, आणि मीखा संदेष्ट्याचं वचन म्हणून दाखवतात. उत्तर बिनचूक होतं. यरुशलेमेपासून बेथलेहेम नऊ-दहा किलोमीटरच्या आत आहे, चालत दोन-तीन तासांची वाट. मागी लोक दूरच्या पूर्वेकडून आले आणि त्या उत्तराच्या आधारानं पुढे गेले. उत्तर देणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्याबरोबर निघालं, असं मत्तय लिहीत नाही. ज्यांना वचनं पाठ आहेत, ज्यांनी नाताळावर वर्षानुवर्षं प्रवचनं दिली आहेत, लेख लिहिले आहेत, त्या सगळ्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा.

निघालेल्यांना काय मिळतं याचाही हिशेब मंडळीच्या पंचांगात उघड मांडलेला आहे. २५ डिसेंबर जन्माचा, आणि लगेच २६ तारीख स्तेफनाची, साक्ष दिली म्हणून दगडांनी मारल्या गेलेल्या पहिल्या हुतात्म्याची. गव्हाणीचं गवत अजून ताजं असताना दगड येतात. मेंढपाळांच्या वाट्याला दगड आले नाहीत, पण फार काही आलं असंही नाही. अठरावं वचन म्हणतं की ऐकणाऱ्या सगळ्यांनी आश्चर्य केलं. बस. ऐकून त्यातला कुणी उठून गव्हाणीपर्यंत गेला का? लूक सांगत नाही. येशूनं कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. ते मेंढपाळ तोवर हयात होते का, आपण त्या रात्री काय सांगत फिरलो होतो ते त्यांना कधी पुरतं कळलं का, याचा कुठे पत्ता नाही. फेरीनंतर किती लोक उपासनेला वाढले, कुणावर काय परिणाम झाला, असं मोजायला बसलं की जीव लवकर थकतो. मेंढपाळांकडे मोजण्यासारखं काहीच नव्हतं आणि तरी ते देवाचा गौरव करत परतले, कारण त्यांना सांगितलं होतं तसंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा आनंद ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादावर अवलंबून नव्हता. मला हे वाचून फार धीर येतो.

आणि ते परतले ते मेंढरांकडेच. तारणाऱ्याला पाहिलेली माणसं दुसऱ्या रात्री पुन्हा राखणीला बसली असणार, त्याच थंडीत, त्याच कळपाशी. सुवार्ता जगात बहुतेक अशीच राहते, रोजच्या कामाच्या माणसांजवळ. पगाराच्या हिशेबात खोट न करणारा कारकून, कैद्याला नावानं हाक मारणारा शिपाई, वर्गातल्या मागे पडलेल्या पोराला सुटीनंतर थांबवून शिकवणारी बाई. ही माणसं जानेवारीतही तिथे असतात, रोषणाई उतरल्यावरही. कुणी कारण विचारलं तर सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

म्हणून फेरीच्या यादीला एक दुसरा रकाना हवा. डिसेंबरात ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याकडे पुन्हा कधी? नाताळाचा काळ परंपरेनं बारा दिवसांचा, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचा. त्याच्याही पुढे चाळिसावा दिवस येतो, २ फेब्रुवारी, बाळाला मंदिरात नेल्याचा. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे मरीया आणि योसेफ अर्पण घेऊन गेले. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं, असा तो नियम आहे, आणि लूक पक्ष्यांचाच उल्लेख करतो. दुसरी भेट या चाळीस दिवसांत ठेवावी. सणात घर भरलेलं असतं, माणसं मोकळं बोलत नाहीत. जानेवारीच्या मधल्या आठवड्यात एकटे दोघं गेलात तर बोलतात. या भेटीला गाणं नको, वाचनही मागितलं तरच.

त्याच मंदिरात हन्ना होती, फनूएलाची मुलगी, आशेर वंशातली, ८४ वर्षांची विधवा. ती मंदिर सोडून कुठेच जात नसे. तिनं बाळाला पाहिलं, देवाचे आभार मानले आणि यरुशलेमेच्या मुक्ततेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्याच्याविषयी सांगितलं. मेंढपाळ चालत गेले, हिनं बसल्या जागी सांगितलं. कॅरोलच्या फेरीत वृद्धांना आपण फक्त भेट देण्याच्या यादीत घालतो, पाठवण्याच्या यादीत कधीच नाही. जिना उतरता येत नाही, रात्रीचं दिसत नाही, पण फोन करता येतो, आणि कोण कशाची वाट पाहतंय हे पन्नास वर्षं मंडळीत काढलेल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आगमनकाळात त्यांना दहा नावं आणि दहा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत, आठवड्याला दोन-तीनच, एका दमात दहाही नाहीत. परगावी नोकरीला गेलेली मुलं, रुसून मंडळी सोडून गेलेलं एखादं कुटुंब, रात्रपाळीमुळे उपासनेला कधीच येऊ न शकणारी परिचारिका. फोनवर पाचवं वचन वाचायचं की पंधरावं, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. कागदाच्या मागच्या बाजूला जागा कोरी ठेवावी, म्हणजे पलीकडून काय कळलं ते त्यांना टिपता येईल, आणि दुसऱ्या भेटीला निघण्याआधी तो कागद त्यांच्याकडून मागून घ्यावा.